मोठ्या जातीच्या मादीची पिशवी कधी काढायची?

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा जर्मन शेफर्डचं मादी पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं की दोन बाजूंनी सल्ले सुरू होतात. दवाखान्यात आणि बागेत सांगतात, पहिल्या हीटच्या, म्हणजे पहिल्यांदा माजावर येण्याच्या आधी स्पे करून टाका, म्हणजे शस्त्रक्रियेने अंडाशय आणि गर्भपिशवी काढून टाका. घरातली मोठी माणसं म्हणतात, एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग काय ते करा. दुसऱ्या सल्ल्याला वैद्यकीय आधार काहीच नाही. एका बाळंतपणाने मादीची तब्येत सुधारत नाही आणि स्वभावही बदलत नाही. शिवाय विक्रीसाठी पिल्लं काढायची तर २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि मादी किमान अठरा महिन्यांची असावी लागते. पहिला सल्ला मात्र निम्मा बरोबर आहे, म्हणून त्याचा जास्त घोळ होतो. लहान चणीच्या कुत्रीसाठी तो चांगलाच आहे. तीस किलो गाठणाऱ्या मादीसाठी तो तसाच्या तसा उचलू नये.

माझं मत आधीच सांगतो. जिचं पूर्ण वाढीनंतरचं वजन २५ किलोच्या पुढे जाणार आहे, तिची पहिली हीट होऊ द्यावी. रक्त दिसलं त्या दिवसापासून तीन ते साडेतीन महिने मोजावेत आणि त्या सुमारास पिशवी काढावी. काही जातींत याहून थांबणं चांगलं, काही घरांत याच्या आधी उरकणं शहाणपणाचं. पण तारीख ठरवायची ती मादीच्या चक्रावरून आणि हाडांवरून. वाढदिवसावरून ठरवू नका.

सहा महिन्यांचा नियम प्राणी आश्रयगृहांना आणि भटक्या कुत्र्यांच्या मोहिमांना अगदी योग्य आहे. तिथे कुत्री पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते, आणि एक हीट निसटली की गल्लीत सात-आठ पिल्लं येतात. आपली गावठी मादी बहुधा वीस किलोच्या आतली असते. या वजनाच्या कुत्र्यांत लवकर केलेल्या स्पेमुळे सांध्यांचे आजार ठळकपणे वाढल्याचं अभ्यासात दिसलेलं नाही. त्यामुळे दत्तक घेतलेल्या इंडी मादीला पाच-सहा महिन्यांत स्पे करायला मी बिनधास्त हो म्हणतो. शल्यचिकित्सकाच्या बाजूनेही त्या वयात काम सोपं असतं. चरबी कमी, रक्तवाहिन्या बारीक, मादी दुसऱ्या दिवशी उड्या मारते. डॉक्टर लवकर करा म्हणतात त्यामागे हेही एक प्रामाणिक कारण आहे.

मोठ्या जातीत अडचण हाडांची. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे पट्टे असतात, ज्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते तिथून. हे पट्टे बंद होण्याचा इशारा मुख्यतः इस्ट्रोजेन हे हार्मोन देतं, आणि ते येतं अंडाशयातून. अंडाशय सहाव्या महिन्यात काढले तर पट्टे उशिरा बंद होतात आणि पाय थोडे जास्त लांब होतात. नुसते लांब पाय हा काही आजार नाही. पण सगळे पट्टे एकाच वेळी बंद होत नाहीत. काही आधीच बंद झालेले असतात, काही उघडे राहून वाढत राहतात, आणि मांडीचं हाड व नडगी यांचं गुडघ्यातलं नातं बिघडतं. नडगीच्या वरच्या टोकाचा उतार वाढला की गुडघ्यातल्या क्रुशिएट लिगामेंटवर, म्हणजे सांधा जागेवर धरणाऱ्या अस्थिबंधावर, प्रत्येक पावलाला जास्त ताण येतो. मग तीन-चार वर्षांची लॅब एके दिवशी चेंडूमागे धावते आणि मागचा पाय उचलूनच परत येते. मोठ्या जातीत हे पट्टे साधारण १२ ते १८ महिन्यांत बंद होतात, ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डसारख्या महाकाय जातींत १८ ते २४ महिन्यांत. शंका असेल तर गुडघ्याचा एक्स-रे काढून पट्टे उघडे आहेत की बंद ते सरळ पाहता येतं.

या विषयावरचं सगळ्यांत मोठं काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या नोंदींवर झालं आहे. २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर, २०१४ मध्ये गोल्डन आणि लॅब्रॅडॉरची तुलना, २०१६ मध्ये जर्मन शेफर्ड आणि २०२० मध्ये ३५ जाती. स्पे किंवा न्यूटर (नराचे वृषण काढणं) न केलेल्या लॅब आणि गोल्डनमध्ये सांध्याचा एखादा तरी आजार सुमारे ५ टक्के कुत्र्यांत सापडला. सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या लॅबमध्ये हे प्रमाण दुप्पट आणि गोल्डनमध्ये चार ते पाच पट होतं. जर्मन शेफर्ड माद्यांत ५ टक्क्यांवरून १६ टक्के, एक वर्षाच्या आत स्पे केली असेल तर. हे आकडे मोठ्या रुग्णालयात आलेल्या कुत्र्यांचे आहेत, म्हणजे आजारी कुत्री त्यांत मुळातच जास्त. स्पे झालेली कुत्री जाड होतात आणि जाडी स्वतःच सांधे बिघडवते, तोही गुंता आहे. तरी एकाच दिशेला बोट दाखवणारे इतके आकडे बाजूला सारता येत नाहीत.

जातीगणिक उत्तर बदलतं, आणि इथे घाई करू नये. लॅब मादीसाठी त्या संशोधकांची सूचना एक वर्ष उलटल्यावर करा अशी आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त पाळली जाणारी मोठी जात हीच, आणि तिच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. पहिली हीट नऊ ते बारा महिन्यांत येते, त्यानंतर तीन महिने म्हणजे वर्ष आपोआप उलटतं. जर्मन शेफर्डसाठी सूचना दोन वर्षांनंतरची आहे. सांधे हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे वर्षाच्या आत स्पे केलेल्या ७ टक्के शेफर्ड माद्यांना पुढे नकळत लघवी गळण्याचा त्रास झाला, न केलेल्यांत तो आढळलाच नाही. डोबरमन आणि बॉक्सर माद्यांसाठीही दोन वर्षांच्या पुढेच. रॉटवायलरसाठी त्या आकडेवारीत सहा महिन्यांनंतर चालेल असं निघतं, पण २००२ मधल्या एका वेगळ्या अभ्यासात एक वर्षाच्या आत अंडाशय किंवा वृषण काढलेल्या रॉटवायलरमध्ये हाडांच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका चारांत एक इतका निघाला होता. म्हणून रॉटवायलर मादीला मी तरी दीड वर्षाच्या आत हात लावू देणार नाही. ग्रेट डेनमध्ये गंमत अशी की सांध्यांचे आजार स्पेमुळे वाढलेले दिसलेच नाहीत. तरीही इतक्या सावकाश वाढणाऱ्या शरीरासाठी वर्षाच्या बऱ्याच पुढे जा असंच संशोधक सांगतात.

गोल्डन रिट्रीव्हरचं प्रकरण सगळ्यांत अवघड. या जातीत कर्करोग मुळातच जास्त, आणि माद्यांमध्ये कोणत्याही वयात स्पे केली तरी लिम्फोमा, हिमँजिओसार्कोमा, मास्ट सेल ट्यूमर यांचं एकत्रित प्रमाण न केलेल्यांपेक्षा वाढलेलं दिसलं. सूचना अशी की एक तर करूच नका, किंवा वर्षाच्या सुमारास करा आणि गाठींवर, पोटावर, हिरड्यांच्या रंगावर कायम नजर ठेवा. करूच नका हा पर्याय ऐकायला सोपा आहे. आपल्या सोसायट्यांत वर्षातून दोनदा तो निभावणं सोपं नाही, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला पायोमेट्रा उभा असतो.

पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होणं. प्रत्येक हीटनंतर सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरोन हे हार्मोन चढलेलं असतं, मग मादी गाभण असो वा नसो. त्या काळात गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, स्राव साचतो, तोंड मिटतं आणि आत शिरलेले जंतू वाढतात. स्वीडनमध्ये बहुसंख्य माद्या स्पे न करताच ठेवल्या जात, त्यामुळे तिथल्या विमा नोंदींतून खरं चित्र दिसलं: दहा वर्षांची होईपर्यंत चारांपैकी जवळपास एका मादीला पायोमेट्रा. रॉटवायलर आणि गोल्डनमध्ये जास्त, जर्मन शेफर्डमध्ये कमी. हीटनंतर चार ते आठ आठवड्यांनी मादी खूप पाणी पिऊ लागली, सारखी लघवी, सुस्ती, खाणं सोडलं, मागून दुर्गंधीचा चॉकलेटी स्राव, तर त्याच दिवशी सोनोग्राफी. तोंड बंद असलेल्या प्रकारात स्राव बाहेर येतच नाही आणि पोट मात्र तट्ट होतं, तो प्रकार जास्त घातक. तेव्हाही पिशवीच काढावी लागते, फक्त आता मादी नऊ वर्षांची, विषबाधेने खंगलेली आणि मूत्रपिंडं बिघडलेली असते. न करण्याचा निर्णय घेणाऱ्याने ही रात्र डोळ्यांसमोर ठेवूनच घ्यावा.

हीट थांबवायची किंवा चुकून झालेला संग निस्तरायची इंजेक्शनं काही ठिकाणी अजून सर्रास दिली जातात. प्रोजेस्टेरोन जातीची औषधं पायोमेट्राला आमंत्रण देतात. इस्ट्रोजेनची इंजेक्शनंही तेच करतात, वर अस्थिमज्जेवर घाला घालू शकतात. स्वस्तातला हा उपाय घेऊ नका.

आता स्तनांच्या गाठी. पहिल्या हीटआधी स्पे केली तर धोका ०.५ टक्के, एका हीटनंतर ८, दोन हीटनंतर २६, हे आकडे १९६९ मधल्या एका अमेरिकन अभ्यासातले. ते जवळजवळ नेहमीच चुकीचे वाचले जातात. ८ टक्के याचा अर्थ शंभरातल्या आठ माद्यांना कर्करोग होतो असा होत नाही. स्पे न केलेल्या मादीला जितका धोका, त्याच्या ८ टक्के इतका धोका उरतो, असा त्याचा अर्थ. म्हणजे एक हीट होऊ दिली तरी संरक्षणाचा फार मोठा भाग हाती राहतो. शिवाय २०१२ मध्ये उपलब्ध पुरावे एकत्र तपासले गेले, तेव्हा हा सगळाच आधार कच्चा असल्याचं दिसलं. स्पेचा फायदा होतच नाही असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, पण अर्ध्या टक्क्यासाठी सांध्यांची बाजी लावावी इतकं हे गणित पक्कंही नाही. मोठ्या जातीत एका हीटनंतर करणं मला म्हणूनच पटतं: सांध्यांना वेळ मिळतो आणि स्तनांच्या बाबतीत फार गमावलं जात नाही.

पहिल्या हीटपर्यंत थांबण्याचं आणखी एक कारण सहसा सांगितलं जात नाही. काही पिल्लांची योनी लहान आणि आत ओढलेली असते, वर कातडीची घडी येते. तिथे लघवी साचते, त्वचा लाल होते, लघवीचा संसर्ग पुनःपुन्हा होतो, पिल्लू सारखं चाटत बसतं. हीटच्या वेळी इस्ट्रोजेनमुळे हा भाग भरून बाहेर येतो आणि बहुतेक वेळा तक्रार मिटते. अशा मादीला हीटआधी स्पे केलं तर तो भाग कायमचा तसाच राहतो. पिल्लाला उताणं झोपवून एकदा पाहा, डॉक्टरांनाही दाखवा.

हीट सांभाळणं हा खरा प्रश्न, आणि इथे आपलं रस्त्यावरचं वास्तव परदेशी सल्ल्यांपेक्षा वेगळं आहे. रक्ताचा पहिला थेंब हा दिवस एक. कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिले सात ते दहा दिवस रक्त, योनी सुजलेली, नर येतात पण ती अंगावर धावते. मग स्राव फिका होतो, ती शेपटी बाजूला करून उभी राहते. हाच धोक्याचा काळ, आणि नेमका याच वेळी रक्त कमी झालं म्हणून मालक निर्धास्त होतात. दहावा ते चौदावा दिवस सगळ्यांत धोक्याचा असला तरी पाचव्या किंवा विसाव्या दिवशीही गर्भ राहू शकतो, म्हणून पहारा पूर्ण चार आठवडे. फेरीला जाताना पट्टा आणि हार्नेस दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्या. बागेत मोकळं सोडणं बंद. बंगल्याचं लोखंडी फाटक, गच्ची, ग्रिलचा दरवाजा यांवर विसंबू नका, जाळीतूनही संग होतो. डायपरने फरशी स्वच्छ राहते, गर्भ थांबत नाही. घरात न्यूटर न केलेला नर असेल, मग तो तिचा सख्खा भाऊ का असेना, एकाला चार आठवड्यांसाठी दुसरीकडे पाठवा. नर-मादी अडकलीच तर ओढू नका, पंधरा-वीस मिनिटांत, कधी अर्ध्या तासाने आपणच सुटतात. मग डॉक्टरांना फोन करा. पिल्लं नकोच असतील तर सुरुवातीच्या आठवड्यांत स्पे करता येते.

हे सगळं जमणार नसेल, घरात दिवसभर कोणी नसेल, मादी अंगणात राहत असेल, राखणदार म्हणून शेतावर मोकळी फिरत असेल, तर पहिल्या हीटआधी स्पे करा आणि मनाला लावून घेऊ नका. नको असलेलं बाळंतपण आणि सात-आठ पिल्लांची सोय लावणं यापेक्षा सांध्याचा वाढीव धोका परवडतो. तेव्हा वजन काटेकोर ठेवा, निसरड्या फरशीवर, म्हणजे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर जागोजागी चटया टाका, आणि पिल्लाच्या वाढीच्या काळात वरून कॅल्शियमचं टॉनिक पाजू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात पुरेसं कॅल्शियम असतं, जास्तीचं हाडं आणि सांधे बिघडवतं. आपल्याकडे ही बाटली जवळजवळ प्रत्येक घरात दिसते.

तारीख काढायचं गणित असं. समजा १० जानेवारीला रक्त दिसलं. हीट ३१ जानेवारीच्या आसपास संपेल. पुढचे दोन महिने प्रोजेस्टेरोनचे. मार्चमध्ये खोट्या गर्भधारणेची लक्षणं दिसू शकतात: दूध येणं, खेळणी गोळा करून बिछान्यात दडवणं, गुरगुरणं. १० ते २५ एप्रिल हा शस्त्रक्रियेसाठी चांगला काळ. हीट चालू असताना करू नये, कारण गर्भाशय आणि रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, ऊतक ठिसूळ असतं, रक्तस्राव जास्त होतो. हीटनंतर लगेच, एक-दीड महिन्यात केली तर प्रोजेस्टेरोन एकदम खाली येतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन वर जातं आणि खोटी गर्भधारणा महिनोन्महिने चिकटून बसू शकते. दूध येत असेल तर आधी ते थांबू द्या. गरज पडली तर डॉक्टर कॅबर्गोलिन देतात. मध्येच स्तन पिळून पाहू नका, त्याने दूध वाढतं.

तरुण मोठ्या माद्यांत एक फसवा प्रकार दिसतो, स्प्लिट हीट. आठ-दहा दिवस रक्त येतं, थांबतं, आणि दोन ते सहा आठवड्यांनी खरी हीट सुरू होते. मोजणी दुसऱ्या रक्ताच्या दिवसापासून करा. जर्मन शेफर्डमध्ये दोन हीटमधलं अंतर चार-पाच महिन्यांवर येऊ शकतं, त्यामुळे तिची खिडकी अरुंद असते. ग्रेट डेनची पहिली हीट दीड वर्षानेही येते. अठरा महिने उलटूनही लॅबला हीट दिसली नाही तर बहुधा ती येऊन गेलेली असते आणि मादीने चाटून सगळं स्वच्छ ठेवलेलं असतं. रक्तातलं प्रोजेस्टेरोन तपासून ते कळतं.

महाराष्ट्रात शस्त्रक्रियेपूर्वीची सगळ्यांत महत्त्वाची तपासणी म्हणजे प्लेटलेट. कारण गोचीड. एर्लिकिया किंवा बबेशिया हे गोचिडीने येणाऱ्या तापाचे जंतू अंगात दबा धरून असतात, मादी खेळती-खाती दिसते, आणि प्लेटलेट मात्र दीड लाखाच्या खाली. निरोगी कुत्रीत त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. लाखाच्या खाली असतील तर ठरवून करायची शस्त्रक्रिया पुढे ढकला, आधी तापाचा इलाज करा. यंत्राने दाखवलेला कमी आकडा कधी कधी प्लेटलेटच्या गुठळ्यांमुळे खोटा असतो, म्हणून काचपट्टीवर डोळ्यांनी मोजून घ्यायला सांगा. सोबत हिमोग्लोबिन, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या. डोबरमनमध्ये व्हॉन विलब्रँड नावाचा रक्त न गोठण्याचा दोष आढळतो. ओठाच्या आतल्या बाजूला बारीक छेद देऊन रक्त थांबायला किती वेळ लागतो ते पाहिलं जातं, चार मिनिटांच्या आसपास थांबायला हवं.

डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत, पण ते विचाराच. त्या दिवशी मादीचं वजन काट्यावर करणार का? मोठ्या कुत्र्यांचं वजन अंदाजे धरण्याची सवय आहे आणि भुलीचं औषध किलोमागे मोजलेलं असतं. श्वासनलिकेत नळी घालणार का, ऑक्सिजन आणि आयसोफ्लुरेन (श्वासावाटे द्यायची भूल) आहे का, की नुसतं झायलाझिन-केटामिनच्या इंजेक्शनवर काम? अर्धा-पाऊण तास लागू शकणाऱ्या मोठ्या, खोल छातीच्या मादीला नळी, ऑक्सिजन, शिरेतलं सलाइन आणि पल्स ऑक्सिमीटर असावेत असं माझं ठाम मत आहे. भूल देणारी आणि शस्त्रक्रिया करणारी माणसं वेगळी असतील तर उत्तम. बॉक्सर असेल तर ॲसेप्रोमाझिन हे गुंगीचं औषध देणार का तेही विचारा, या जातीवर त्याचा परिणाम प्रमाणाबाहेर होऊ शकतो. मुंबईत परळ, नागपूर, शिरवळ इथल्या सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांत या सोयी तुलनेने कमी खर्चात मिळू शकतात, फक्त तारखेसाठी आधीपासून हालचाल करावी लागते.

भुलीचा फायदा घेऊन आणखी दोन कामं उरकता येतात. खुब्यांचा एक्स-रे, जो जागेपणी नीट येत नाही. आणि ग्रेट डेन किंवा खोल छातीची शेफर्ड असेल तर गॅस्ट्रोपेक्सी, म्हणजे जठर उजव्या पोटभिंतीला टाक्यांनी बांधणं. ग्रेट डेनमध्ये जठर फुगून पीळ पडण्याचा आयुष्यभराचा धोका एक तृतीयांशाहून अधिक धरला जातो आणि पीळ पडल्यावर हाती काही तास असतात. पोट उघडलेलंच आहे तर ते बांधून घ्या. दुर्बिणीतून फक्त अंडाशय काढण्याची पद्धत मोठ्या शहरांत मिळते. जखम लहान, वेदना कमी. निरोगी गर्भाशय ठेवलं तरी अंडाशयाशिवाय पायोमेट्रा होत नाही.

आदल्या रात्री दहाला शेवटचं जेवण, पाणी पहाटेपर्यंत. शक्यतो सकाळचीच वेळ घ्या, म्हणजे संध्याकाळी काही बिघडलं तर डॉक्टर जागे असतात. घरी आणताना लक्षात ठेवा, तीस किलोची अर्धवट शुद्धीतली कुत्री एकट्याने उचलत नाहीत. जाड चादरीची झोळी करून दोघांनी धरा, लिफ्ट नसेल तर तिसरा माणूस हाताशी. पहिली रात्र जमिनीवर जाड गादीवर, पलंगावर नको. कण्हणं, थरथर, अर्धे उघडे डोळे हे भुलीचं. पण हिरडी पांढरी पडली, बोटाने दाबल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला नाही, पोट फुगत चाललं, उभंच राहवत नाही, तर आतला टाका सुटून रक्त जात असल्याची शंका घ्या आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. जाड मादीत अंडाशयाच्या देठावरचा टाका चरबीमुळे घसरू शकतो. शस्त्रक्रियेआधी दोन-तीन किलो उतरवून घेण्यामागे हेच कारण.

वेदनेसाठी बहुधा मेलोक्झिकॅम मिळतं. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, पुढे ०.१, दिवसातून एकदाच आणि खाल्ल्यावर. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकची गोळी कधीही देऊ नका, जठर आणि मूत्रपिंड जातं. जखमेवर हळद आणि खोबरेल तेलही नको. दिवसातून दोनदा नुसतं पाहा. जरा सूज चालते. मऊ, पाणी भरल्यासारखा फुगवटा म्हणजे सेरोमा, तो जास्त उड्या मारल्याने होतो आणि बहुतेकदा आपोआप जिरतो. लाली, ऊब, पू, वास आला तर दाखवा. पावसाळ्यात माश्या जखमेवर अंडी घालतात, म्हणून मादी घरातच ठेवा. चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर किंवा अंगभर कपडा दहा ते चौदा दिवस, टाके निघेपर्यंत. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तिला एकदम बरं वाटू लागतं आणि मोठ्या कुत्र्यांचे टाके तुटतात ते याच दिवसांत: सोफ्यावर उडी, गाडीच्या डिकीत उडी, दारावरची बेल वाजल्यावर धाव. छोट्या दोरीवर दहा मिनिटांची फेरी पुरे.

भूक आठवड्याभरात वाढते आणि गरज मात्र कमी होते. खाद्य २० ते २५ टक्क्यांनी उतरवा: रोज ४०० ग्रॅम असेल तर ३०० ते ३२०. वाटीने मोजू नका, काट्यावर मोजा, आणि पोळीचे तुकडे, बिस्किटं त्यातच धरा. दर पंधरा दिवसांनी वजन. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर लागायला हव्यात. आपण सांध्यांसाठी वर्षभर थांबलो आणि नंतर मादीला चाळीस किलोची केली, तर थांबून काय मिळवलं?

पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, झोपेतून उठल्यावर बिछाना ओला दिसला तर ओरडू नका. स्पे झालेल्या माद्यांत ५ ते २० टक्क्यांना हा त्रास होतो आणि वीस किलोपुढच्यांत जास्त. मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैल पडतो. आधी लघवीची तपासणी करून संसर्ग आणि मधुमेह वगळतात, मग फिनाइलप्रोपॅनोलामिन किंवा इस्ट्रिऑल ही औषधं बहुतेक माद्यांना लागू पडतात, बऱ्याचदा आयुष्यभर द्यावी लागतात.

आणि स्पे होऊनही काही महिन्यांनी योनी सुजली, नर मागे लागले, तर अंडाशयाचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता आहे. मोठ्या मादीत उजवा अंडाशय बरगड्यांखाली खोल असतो, तोच सहसा निसटतो. लक्षणं दिसत असतानाच योनीतल्या पेशी काचपट्टीवर तपासून घ्या आणि दोन-तीन आठवड्यांनी रक्तातलं प्रोजेस्टेरोन. हा काळ उलटून गेल्यावर तो तुकडा शोधणं फार कठीण जातं.